थकलेलं पोलाद

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, जिन्याखाली, ताडपत्री पांघरून पडलो आहे. पोलादाची सळी वाकवून धरायची आणि ती थकून तुटेपर्यंत फिरवत राहायची, एवढंच माझं काम. पोलादही थकतं. बाहेरून काही दिसत नाही; आत चीर मात्र वाढत जाते.

भांडुपच्या एका कारखान्यात मी तयार झालो. कॉलेजात आणलं तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. पाहुणे आले की आधी मला दाखवत. विद्यार्थी मात्र वर्षातून एकदा प्रात्यक्षिकापुरते येत, एक सळी तोडत आणि निघून जात.

मग अनुपमा आली. गिरण्यांच्या संपात तिच्या वडिलांचं काम सुटलं होतं आणि घर मोठ्या भावावर, जयवंतवर आलं होतं. तो चारकोपच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथे माल उचलणारा हुक तुटला आणि जयवंत खाली सापडला. मालकाने सांगितलं, त्यानेच जास्त वजन लावलं. खोडून काढायला जयवंत उरला नव्हता. हळूहळू शेजारीही तसंच बोलू लागले.

अनुपमाने तुटलेला हुक पाहिला होता. तुटलेल्या जागी काही भाग गुळगुळीत होता, काही खडबडीत. ते तिच्या डोक्यातून जाईना. कॉलेजातल्या विद्याधर सरांनी तिला संशोधनासाठी आपल्या हाताखाली घेतलं. पोलाद केव्हा तुटेल हे आधीच सांगणारं गणित तिला मांडायचं होतं आणि त्यासाठी लागणारे आकडे मी देणार होतो. त्या दिवसांत मी अखंड फिरलो. तिचा डबा माझ्याशेजारीच उघडायचा.

पण मला तेल घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. माझं बेअरिंग झिजलं, घरघरलं आणि एके दिवशी जाम झालं.

दुरुस्तीचं विचारल्यावर नवे विभागप्रमुख म्हणाले, "कॉम्प्युटर येतोय. आता सळ्या तोडत बसायची गरज नाही."

"सर, कॉम्प्युटरला आकडे कुठून देणार? ते मिळवायला तोडावंच लागणार ना?" अनुपमाने विचारलं.

"मग दुसरीकडे सोय बघा."

दुसरीकडे सोय झाली नाही. विद्याधर सर भांडले, पण त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मोजक्या सळ्यांवर प्रबंध उभा राहत नाही. अनुपमाची संशोधनाची जागा गेली आणि ती बोरिवलीच्या एका क्लासमध्ये गणित शिकवू लागली.

जाण्याआधी ती आईला, रुक्मिणीबाईंना, घेऊन आली. तुटलेल्या सळीचा तुकडा तिने आईच्या हातात दिला.

"ही अर्धी गुळगुळीत कशी गो?"

"ही जास्त वजनाने तुटलेली नाही, आई. थोडंच वजन, पण पुन्हा पुन्हा. आतली चीर हळूहळू वाढते, तिच्या बाजू एकमेकींवर घासतात, म्हणून गुळगुळीत होतात. दादाचा हुक असाच होता."

"म्हणजे हुक आधीच मोडाक लागलेलो?"

"हो."

"आणि कोणीच बघूक नाय?"

रुक्मिणीबाई माझ्या चौथऱ्यावर बसल्या. तुकडा त्यांनी पदराने पुसला आणि परत दिला नाही.

"ह्या आता लोकांका कोण सांगतलो?" त्यांनी विचारलं.

माझ्या खोलीत आता कॉम्प्युटर आहे. भंगारवाला मला पाहून गेला आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. पण ज्याच्यावर रोज भार टाकता, त्याच्याकडे वेळेवर बघत जा. आणि काही तुटलंच, तर खाली सापडलेल्या माणसाला बोल लावण्याआधी तुटलेला तुकडा एकदा हातात घ्या.