नमुना सही

आप्पांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि कार्ड पुढे सरकवलं. बँकेतल्या बाईंनी ते कंपनीच्या कागदांशेजारी धरलं, एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्यावरून पाहिलं. मग मान हलवून काहीतरी म्हणत त्यांनी दुसरं कोरं कार्ड समोर ठेवलं.

दुभाषा म्हणून शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलानं आधी कार्डाकडे, मग कागदांकडे पाहिलं. हे आपल्या आधी कसं लक्षात आलं नाही? औषधांच्या कारखान्यांना लागणाऱ्या चाळण्या बनवण्याचा त्यांचा धंदा. परदेशातल्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली होती की इथं कंपनी काढा, इथल्या बँकेत तिचं खातं उघडा, तरच ऑर्डर. मालक आप्पा, म्हणून नमुना सही त्यांची हवी आणि तीही बाईंच्या डोळ्यांदेखत. आता आप्पांची सही गेली अकरा वर्षं मुलगाच करत होता. "सहीसाठी मला यंत्रावरून कशाला उठवतोस? ठोक तूच," हे खुद्द आप्पांचं फर्मान. कारखान्यात ते चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. चेकबुकापासून पासपोर्टच्या फॉर्मापर्यंत सगळीकडे मुलाच्या हातची, शेवटी झोकदार शेपूट ओढलेली सही. खऱ्या आप्पांनी मात्र आत्ता एकेक अक्षर सुटं, शाळेच्या वहीत काढावं तसं काढलं होतं. साऱ्या जगात आप्पांची सही चुकवणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आप्पा.

"काय म्हणतायत?"

"जुळत नाही म्हणतायत. पासपोर्टवर आहे तशी करा."

आप्पांनी पासपोर्ट जवळ ओढला, क्षणभर न्याहाळला आणि कार्डावर झोकात शेपूट ओढलं. मुलानं महिनाभर गिरवून कमावलेलं वळण त्यांना एका दमात जमलं. बाईंनी मान डोलावली. मुलानं खिशातून रुमाल काढला.

पण बाई हातचं काम अर्धवट सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. गावाकडच्या मूळ कंपनीची जुनी कागदपत्रं त्यांनी तिकडच्या सरकारी कचेरीतून स्वतःच मागवून घेतली होती. त्यांतला एक कागद त्यांनी आप्पांसमोर ठेवला आणि मुलाला काहीतरी विचारलं. तो कागद मुलानं लांबूनच ओळखला. काकांना संचालकपदावरून दूर केल्याचं ते पत्र होतं, सहा वर्षांपूर्वीचं. नव्या यंत्राला काका आडवे येत होते, रोज वाद व्हायचे. मग एका दुपारी आप्पांची एक सही झाली आणि वाद संपला. आप्पांना मुलानं सांगितलं होतं की काका स्वतःहून सोडून गेले.

"काय विचारतायत?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

मुलानं पत्राखालच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही सहीसुद्धा तुमचीच का, म्हणून."

आप्पांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि परत पहिल्या ओळीवर आले. धाकट्या भावानं पाठ फिरवली, असं ते सहा वर्षं गावभर सांगत आले होते. पुतणीच्या लग्नाला गेले नव्हते. आता 'नाही' म्हटलं असतं तर खातं तिथंच बुडालं असतं, आणि खोट्या सहीचा गुन्हा मुलाच्या गळ्यात आला असता. बाई वाट पाहत होत्या.

"माझीच आहे," आप्पा म्हणाले. "सांग त्यांना."

खातं उघडलं. बाईंनी दोघांशी हस्तांदोलन केलं. बाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर मुलगा म्हणाला,

"आप्पा, मी..."

"धाकट्याला फोन लाव."

त्यानं लावला. आप्पा दोन पायऱ्या खाली उतरून, पाठमोरे उभे राहून बोलू लागले. सहा वर्षांनी बोलत होते, तरी आवाज नेहमीचाच होता.

"मी बोलतोय. ते पत्र... हो, तेच. सही माझीच होती. चुकलो रे मी." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "तो? आहे ना इथंच. देतो."

त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मुलाला वाटलं, आता सांगून टाकावं. आता नाही तर कधीच नाही.

"काका, ती सही..."

"दादाची सही मी ओळखत नाही का रे?" काका शांतपणे म्हणाले. "पत्र हातात पडलं त्याच दिवशी तुझा हात ओळखला, आणि मी पाठ फिरवली असं तो सांगू लागला तेव्हा कळलं की त्याला पत्ताच नाही. बापलेकात वितुष्ट नको म्हणून गप्प बसलो. आता त्यानं स्वतःवर का ओढून घेतलंय, देव जाणे. मला सगळं ठाऊक होतं, हे मात्र तू त्याला कळू देऊ नकोस. या वयात सोसायचं नाही त्याला."

रस्त्याच्या कडेला आप्पा त्याच्याकडे न बघता कोटाची बटणं लावत होते.

"बरं," मुलगा म्हणाला.