हातचं

मनिषाने बत्ता खाली ठेवला आणि खलातल्या येसराची, म्हणजे आमटीच्या मसाल्याची, चिमूटभर पूड जिभेवर टेकवली. पुन्हा तेच. धने आपल्या जागी, मिरची आपल्या जागी, भाजलेली ज्वारी आणि हरभऱ्याची डाळही आपल्या जागी. पण या सगळ्यांना एकत्र आणणारं जे काही असतं, ते आलंच नव्हतं. सकाळपासूनची ही तिसरी खेप. समोर तिचं स्वतःचं पुस्तक उघडं होतं. पान एक्केचाळीस, ‘आमच्याकडची येसराची आमटी’. त्यात लिहिल्याबरहुकूम तिने एकेक जिन्नस मोजून घेतला होता. आपल्याच पुस्तकावरून स्वयंपाक करून नापास होणारी बाई आपण एकटीच असू, असं वाटून तिला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही.

दारापाशी तिची माय, गीताबाई, सुपात ज्वारी पाखडत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

“माय, खरं सांग. काय ऱ्हायलंय यात?”

“कायबी न्हाई. हातगुण आसंल तुजा.”

“हाताला काय धाड भरली? ह्याच हातानं टीव्हीवर करते ना मी?”

“टीव्हीवर मपल्या हातच्या येसराचा डबा आस्तो की,” गीताबाई म्हणाली आणि फोलपटं अंगणात उडवली.

खरं होतं. परभणीला गृहविज्ञान शिकून मनिषा पुण्याला गेली, एका वाहिनीच्या स्वयंपाकघरात कॅमेऱ्यामागे भाज्या चिरू लागली. एकदा ठरलेल्या पाहुण्या बाई ऐनवेळी आल्या नाहीत, म्हणून हिलाच पुढे उभं केलं. हिने मायने दिलेल्या डब्यातला येसर काढला, आमटी केली, आणि तिथून तिचं नशीब उघडलं. रोज दुपारचा कार्यक्रम मिळाला, पुस्तक आलं, पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या. कार्यक्रम संपताना ती पदर सावरून म्हणायची, “सगळं सांगितलंय हं, हातचं काही राखलेलं नाही.” बायकांना ते वाक्य इतकं आवडलं की भाजीबाजारातही कुणीतरी ते तिला ऐकवायचं.

आणि आता नागपूरच्या एका बाईंचं पत्र आलं होतं. येसराची आमटी सात वेळा करून पाहिली, सातही वेळा बिघडली. तुम्ही एक जिन्नस लपवता आणि वर तोंड करून राखलेलं नाही म्हणता. मनिषाने ते पत्र हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच अर्थाची आणखी चाळीसेक पत्रं तिच्या कपाटात होती. नवी आवृत्ती सोमवारी छापायला जायची होती. म्हणून प्रथमच तिने मायचा डबा बाजूला ठेवून आपल्याच पुस्तकाची परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि दोन दिवसांची सुट्टी काढून बोरीच्या पुढच्या आपल्या गावी आली. जिन्नस तर मायनेच सांगितले होते, एकेक करून, बोटांवर मोजून.

“हायेत का घरी?”

अंगणात दैवशालाबाई उभी होती. वरच्या आळीतली, बारा एकरांची मालकीण. हातात प्लास्टिकची पिशवी. तिने पिशवीतून पुस्तक काढलं. मनिषाचंच. पान एक्केचाळीस हळदीने इतकं पिवळं झालं होतं की न शोधताच उघडलं.

“मनिषा, लय गोंधळ झालाय बग,” ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. “आमच्या लेकीच्या, राजेश्रीच्या सासरचे परवा यायलेत. फर्माइश काय, तर टीव्हीवाल्या बाईच्या गावची आमटी. तीनदा केली मी. एकेका ओळीवर बोट ठिवून केली. सून म्हनती, आत्याबाई, ही तर नुसती डाळ लागायली.”

मनिषाला पुस्तकाकडे बघवेना. तिला दुसरंच आठवत होतं. ती सातवीत असताना शाळेतली खिचडी शिजवायचं काम मायला मिळालं होतं. पहिल्या दिवशी माय नवं लुगडं नेसून गेली. दुसऱ्या दिवशी हीच दैवशालाबाई शाळेच्या फाटकाशी आली आणि आपल्या पोराच्या, चंद्रभानच्या हातात भाकरीचं फडकं देऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “तिच्या हातचं न्हाई खायचं.” मग घरोघरची फडकी येऊ लागली. एकोणीस दिवस पातेलंभर खिचडी शिजली, ती मनिषाने आणि बौद्धवाड्यातल्या पाच पोरांनी खाल्ली. विसाव्या दिवशी खिचडीचा डाव दुसऱ्या बाईच्या हातात गेला आणि माय तांदूळ निवडायला बसली.

त्या बाईच्या घरात आज आपलं पुस्तक हळदीने माखलंय, याचा मनिषाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, थोडासा. पण त्याहून जास्त तिला लाज वाटत होती, आणि ती दैवशालाबाईची नव्हती.

“काकू, मला बी जमंना,” ती म्हणाली. “सकाळधरनं तीनदा केला मी. टीव्हीवर करते तो येसर मायनं कुटलेला आस्तो. मपला न्हाई.”

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. सुपाचा आवाज थांबला.

दैवशालाबाईने पुस्तक मिटलं. आता विचारायला एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला तिने आजवर ‘गीते’ याशिवाय हाक मारलेली नव्हती.

“गीताबाई,” ती म्हणाली. शब्द जरा अडखळत आला. “तुमीच सांगा मंग. काय घालता?”

“सांगून न्हाई कळायचं,” गीताबाई सूप भिंतीला टेकवत उठली. “खाऊन कळतंय. या आत, बसा.”

मनिषा खल पुसू लागली. तो पुसून झाला होता तरी पुसत राहिली. मायने स्वतःच्या येसराची केलेली आमटी चुलीवर होतीच. गीताबाईने ताटात भाकरी वाढली, वाटीत आमटी ओतली, कांदा फोडून ठेवला आणि ताट पाटासमोर सरकवलं. दैवशालाबाई उंबरा ओलांडून आत आली, पाटावर टेकली. तिने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग ताटाकडे. आमटीवरची वाफ विरली. गीताबाईने आग्रह केला नाही. ती नुसती समोर बसून राहिली.

दैवशालाबाईने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

दुसरा घास घेताना ती थबकली. “करडई?”

“व्हय. खमंग भाजायची. एक मूठ.”

“कुठली वो ही?”

“आता बाजारातनं आणते. तवा तुमच्या वावरातली. तुमची काढणी झाली का सरवा येचायचो आमी, भुईवर पडलेला. दुसरं काय घालायला व्हतं?”

दैवशालाबाईने वाटीतली उरलेली आमटी भाकरीने टिपून संपवली. मग तिने रिकामी वाटी पुढे केली. गीताबाईने वाढली. तिने तीही संपवली, हात धुतले आणि पुस्तक पिशवीत घालून, मान खाली घालून निघाली. अंगणात वळून म्हणाली, “परवा या जेवायला. दोघी बी.”

ती दिसेनाशी झाल्यावर मनिषाचा बांध फुटला.

“माय, तुला ठाऊक व्हतं! बोटावर मोजून सांगितलंस मला, आन् करडई तेवढी गाळलीस. लोकं मला खोटी म्हनायलेत. कामून केलंस आसं?”

गीताबाईने दैवशालाबाईचं ताट उचललं. त्यात कणभरही उष्टं राहिलेलं नव्हतं. ते तिने एकदा नीट पाहिलं.

“समदं पुस्तकात दिलं आस्तं, तर ती हितं कशाला आली आस्ती?” ती म्हणाली. “येवढं येकच हातचं राखलं व्हतं, बाई. लिही आता.”