विहिरीचा रंग

"बाकी सगळं फर्स्ट क्लास. फक्त विहिरीतलं पाणी तेवढं निळं करून घ्या," प्रतापराव म्हणाले.

सयाजीगंजातल्या अनिशच्या स्टुडिओत मोठ्या टेबलावर एक अख्खं गाव मांडलेलं होतं आणि प्रतापराव हात पाठीशी बांधून त्यावर वाकले होते. बोटभर लांबीच्या खाटल्या, सुतळी उकलून केलेले गवताचे भारे, लाकडाच्या भुशाच्या गोवऱ्या, काडेपेटीत मावतील अशा चुली. हे गाव नीराच्या हातचं होतं. फाइन आर्ट्समधून शिल्पकला शिकून बाहेर पडल्यावर तिच्या बरोबरीचे बरेच जण मुंबई-दिल्लीला गेले. ती बडोद्यातच राहिली आणि जाहिरातींसाठी, मुलांच्या कार्यक्रमांसाठी असे चिमुकले सेट करू लागली. अनिश त्या सेटवर तारेच्या बाहुल्या उभ्या करायचा. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावर ती चालायला लागायची.

या खेपेचं काम गोरव्यापलीकडच्या एका रसायनांच्या कारखान्याचं होतं. परदेशातून मालाला मागणी येत होती, नवा प्लँट उभा राहायचा होता, आणि त्याआधी कारखान्याला एक गोड फिल्म हवी होती. शेजारच्या गावातलं बाहुल्यांचं एक जोडपं, कारखान्याने आपलं कसं भलं केलं ते सांगणार. प्रतापराव तिथले जनसंपर्क अधिकारी. जुन्या बडोदेकर घराण्यातले, बोलायला लोण्यासारखे.

"निळं नाही होणार," नीरा म्हणाली.

"म्हणजे?"

"रेझिन ओतलंय. घट्ट झालं. रंग त्याच्या पोटात आहे."

"मग फोडा आणि नवं ओता."

"नवं ओतलं तरी असंच ओतीन. तिथलं पाणी असंच आहे."

ती ते पाहून आली होती. कारखान्याच्या जीपने तिला शाळा दाखवली, रंगवलेली कमान दाखवली आणि परत फिरू लागली, तेव्हा तिने जीप थांबवायला लावली. घरं जवळून बघितल्याशिवाय तिला घर करता येत नसे. लीलाबेन नावाच्या बाईने तिला अंगणात बसवलं, विहिरीवर नेलं आणि बादली ओढून तिच्यापुढे ठेवली. पाणी गंजासारखं लाल. वरून तेलकट तवंग, आणि वास असा, की नीराने पदर नाकाला लावला. मग लीलाबेनचा चेहरा बघून तिने तो खाली सोडला. "भांडी घासायला हेच," लीलाबेन म्हणाल्या. "प्यायचं दोन शेतं ओलांडून आणतो."

घरी आल्यावर रेझिनमध्ये रंग कालवताना निळी बाटलीही तिच्या हाताशी होती. तिने लाल उचलली.

प्रतापराव हसले. "नीराताई, तुम्ही काही केमिस्ट नाही ने."

"नाही. मी सेट करते."

"मग सेट करा."

"केलाय. तुम्ही बघताय तो."

हसू मावळलं. रुमालाने हात पुसत, हात ओले नसतानाही, ते अनिशला म्हणाले, "सोमवारी शूटिंग सुरू व्हायला हवं. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा." आणि जिना उतरून गेले.

अनिश डोकं धरून बसला. "नीराबेन, प्लीझ. वर निळा सेलोफेन टाकू. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"तुम्ही नाही केलं तर दुसरा कोणी करेल."

"करू दे. माझ्या विहिरीत नाही."

अनिश चिडला. टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून तो विहिरीकडे वळला. "चाल, मीच फोडतो." नीराने तळहात विहिरीच्या तोंडावर ठेवला. तिचा हात मोठा होता, विहीर दिसेनाशी झाली.

"मार," ती म्हणाली.

त्याने हात उगारला. मग स्क्रूड्रायव्हर त्याने खिडकीकडे भिरकावला. काच फुटली नाही, तेवढं नशीब. बाहुल्यांसकट सेट दरवेळी नीराचाच असायचा. शूटिंगपुरता ती तो वापरायला द्यायची आणि काम झालं की परत न्यायची. तिने टेम्पो बोलावला आणि बाहुल्यांसकट गाव गोत्रीच्या सोसायटीतल्या आपल्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं.

खरी पंचाईत घरी होती. तिचा नवरा पीयूष त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होता. दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरला.

"प्रतापरावांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. चहा पाजला. म्हणाले, मिसेसना समजवा." त्याचा आवाज चढला. "मला एकदा विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"निळं कर म्हणालो असतो! बाहुल्यांचा खेळ आहे, नीरा. खेळण्यातल्या विहिरीसाठी माझी नोकरी?"

"पीयूष, तुला माहीत होतं ते पाणी?"

तो खुर्ची ओढून बसला, बुटाची नाडी सोडू लागला आणि मधेच थांबला. "माझ्या डिपार्टमेंटचं नाही ते," तो म्हणाला.

नीराने पोळी तव्यावरून काढली. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या वाक्याचा. इतकं सोपं वाक्य होतं ते. कोणालाही म्हणता आलं असतं. तिलाही.

"मग माझ्या डिपार्टमेंटचं आहे म्हण," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिने पुन्हा टेम्पो बोलावला, गाव ज्यांचं त्यांना दाखवायला. पीयूष गॅलरीत पेपर वाचत होता. बाहुल्यांची पेटी ती एकटीच उचलते आहे हे त्याला दिसत होतं. तो उठला नाही.

गावात शाळेची ओसरी मिळाली नाही. सरपंचांनी कुलूप घातलं होतं. मग लीलाबेनच्या अंगणात दोन खाटल्या जोडून त्यांवर गाव मांडलं. बायका-पुरुष गोळा झाले. "ही आपली लिंबडी, फांद्यांसकट!" "अरे, म्हैस तिकडे बांधायची, बेन, या बाजूला ऊन येतं!" नीराने लगेच म्हैस उचलून दुसरीकडे ठेवली. हशा पिकला. मग कोणीतरी विहिरीत डोकावलं आणि हसणं थांबलं.

सरपंचांचा पुतण्या पुढे आला. "उचला हे. बाहेरगावचे लोक बघतील. आमच्या गावाला बट्टा लागेल. मुली कोण देईल इथे?"

हा विचार नीराने केलाच नव्हता. कारखान्यापुढे ताठ उभं राहणं तिला जमलं होतं, पण या लोकांच्या अब्रूचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा हात आपोआप सेट आवरायला पुढे झाला.

लीलाबेननी तो धरला.

"मी आले ना सून होऊन या गावात," त्या पुतण्याला म्हणाल्या. "लग्नाआधी मला कोणी सांगितलं होतं? आता जिला यायचं ती बघून येईल. राहू दे, बेन."

आणि त्यांनी पेटीतून बाहुली काढली, फिल्ममधल्या शेतकऱ्याची बायको. तिची कंबर वाकवली, तारेचा हात विहिरीवर नेला. मग फिल्मसाठीच केलेला हसरा, हात जोडलेला साहेब समोर उभा केला आणि बाहुलीच्या बारीक आवाजात विचारलं, "लो साहेब, पाणी पिता?"

साहेबाच्या बाहुलीला कोण बोलतं करणार? मागून एक म्हातारी सरसावली. "मला तहान नाही, लीला. मी बिसलेरी पिऊन आलोय." अंगण हादरलं इतके लोक हसले. मग एकेक बाई पुढे येऊ लागली. कोणी पोराच्या अंगावरच्या चट्ट्यांबद्दल विचारलं, कोणी मेलेल्या वासराबद्दल. जे प्रश्न पदराआड राहिले होते ते बाहुलीच्या तोंडून सरळ साहेबाला जाऊन भिडू लागले. सरपंचांचा पुतण्या भिंतीला टेकून ऐकत राहिला. त्याच्या अंगणातही तेच पाणी येत होतं.

महिन्याभराने नव्या प्लँटच्या परवानगीसाठी जनसुनावणी झाली. कारखान्याने आपली माणसं बसमधून आणली होती, त्यात पीयूषही होता. नीराबरोबर गावच्या बायका सेट डोक्यावर घेऊन आल्या आणि त्यांनी तो सरळ सरकारी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे खेळणं बाहेर न्या," प्रतापराव उभं राहून म्हणाले. आज आवाजात लोणी नव्हतं.

"बाहेर गेलं तर आम्हीपण बाहेर," लीलाबेन म्हणाल्या. "मग भिंतींशी बोला."

सरकारी साहेब वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा चढवून विहिरीत पाहिलं. "हे कोणी केलंय?"

नीराने पीयूषकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. ती उठली.

"मी. नीरा. आणि हा रंग मी मनाने घातलेला नाही. पाहिला तसा घातलाय. कोणाला खोटा वाटत असेल तर सरकारी जीप बाहेर उभी आहे, चला."

कारखान्याच्या बाजूने कोणी उठलं नाही. मग मागच्या रांगेतून पीयूष उभा राहिला. "मी दाखवतो," तो म्हणाला. "पाइप कुठून ओहोळात सुटतो तेही दाखवतो."

पाण्याची तपासणी होईपर्यंत परवानगी अडली. विहीर सुधारली नाही, पण गावात टँकर येऊ लागला. पीयूषची बदली कारखान्याच्या दूरच्या डेपोत झाली आणि तो रोज बसचे धक्के खात, शिव्या देत जाऊ लागला. अनिशने दुसऱ्याकडून सेट करून घेऊन फिल्म केली, निळ्या पाण्याची. नीराला कारखान्यांची कामं मिळेनाशी झाली. त्याच ओहोळाच्या खालच्या अंगाच्या गावातल्या बायका मात्र एका दुपारी तिचं गॅरेज शोधत आल्या. आमचंही गाव करून दे, म्हणाल्या.

"तुमच्या विहिरीचा रंग कसा आहे?" नीराने विचारलं.

"काळा."

"बसा," ती म्हणाली, आणि प्लायवूडवर ओहोळाची रेघ ओढायला लागली.