माझ्या अंगावरचा पिवळा रंग

कडी वाजली म्हणून दचकू नका. उंदीर नाही, मी बोलतेय. मी एक पत्र्याची ट्रंक, एका शिपायाची. आता खिडकीखाली मानाने बसलेय, अंगावर धुतलेली चादर आहे आणि माझ्यावर कोणी चहाचा कप ठेवलाच, तर मालकीणबाई त्याच्या अंगावर धावून जातात. पण माझे दिवस नेहमी असे नव्हते.

माझा जन्म कारखान्यातला. ठोकून ठोकून माझे कोपरे बसवले, तेव्हाच मी ओळखलं की हे आयुष्य मार खाण्यातच जाणार. तिथून मी लष्करी भांडारात गेले आणि एका काटकुळ्या, लाजऱ्या पोराच्या वाट्याला आले. त्यानं माझ्यात आईनं विणलेला स्वेटर ठेवला, कुलूप घातलं आणि पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. तेव्हापासून तो माझा मालक.

लष्करातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शिपाई नव्या तुकडीत गेला की त्याची ट्रंक आधी रंगाऱ्यापुढे जाते. झाकणावर त्या तुकडीचा रंग, तुकडीची खूण, शिपायाचा क्रमांक आणि तारीख पडल्याशिवाय भांडारवाला ती आत घेत नाही. जुना रंग खरवडून मगच नवा लावायचा, असा नियम आहे. पण उन्हात खरवडत बसतो कोण? रंगारी आपले वरूनच हात मारायचे. एकावर एक झगे चढवून मी जन्मभर फिरले म्हणा ना.

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. पूल वाहून गेले, पलीकडची गावं तुटली. आमचे साहेब धावतच बराकीत आले आणि समोर दिसतील त्यांच्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तुम्ही पूलवाल्यांबरोबर निघा. कागद मागून येईल."

कागद आला नाही. साहेबच तापानं गेले, तर कागद कोण पाठवणार?

पूलवाले म्हणजे पूल बांधणारी तुकडी. त्यांचं सगळं सामान पिवळं. पाण्यात पडलं तरी लांबून दिसावं म्हणून. त्यांच्या रंगाऱ्यानं मलाही पिवळं केलं. खरं सांगू? मला तो रंग शोभत होता. मालक दिवसभर गळ्याएवढ्या पाण्यात दोर ओढायचा आणि संध्याकाळी माझ्यावर बसून मोजे पिळायचा. पूर ओसरला, त्याची बदली एका डेपोत झाली आणि तिथल्या रंगाऱ्यानं माझ्या पिवळ्यावर करडा रंग फासला.

पुढं नोकरी संपली आणि मालकाच्या हातात सेवापुस्तक पडलं. पुराच्या दिवसांपुढे त्यात लिहिलं होतं, 'परवानगीविना गैरहजर.' म्हणजे माणूस पाण्यात उभा आणि पुस्तकात पळून गेलेला!

मालकाचे थोरले भाऊ स्वतः लष्करातले, सन्मानानं निवृत्त झालेले. त्यांनी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"दादा, मी पुलावर होतो."

"मग हे पुस्तक खोटं बोलतंय का? घराण्याच्या तोंडाला काळं फासलंस. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

मालकानं खरंच टाकलं नाही. दरवर्षी पलटणीच्या जुन्या माणसांचा मेळावा भरायचा. थोरले पहिल्या रांगेत असायचे. माझा मालक त्या सकाळी बूट घासून लखलखीत करायचा, थोडा वेळ घालून बसायचा आणि मग काढून माझ्यात ठेवून द्यायचा. मला फार वाईट वाटायचं.

त्यानं अर्ज केला. उत्तर आलं, लेखी आदेश जोडा. सोबत्यांचे जबाब जोडले, तर म्हणे तोंडी साक्ष चालत नाही. लेक मोठी झाली, शिकली, तिनं पुन्हा अर्ज करायला घेतले. मी तोवर माळ्यावर, गाद्यांच्या ढिगाखाली. पुरावा माझ्या पाठीवर आणि मला वाचा नाही! मी आपली कडी वाजवायची. मालकीणबाई म्हणायच्या, "उंदीर फार झालेत," आणि पिंजरा लावायच्या.

शेवटी जागा हवी म्हणून त्यांनी मला खाली काढलं. खिडकीत बसायला ठेवायची, म्हणून रंगवायची ठरली. आता या बाई कोणतंही काम अर्धवट करणाऱ्यातल्या नाहीत. पॉलिशपेपर घेऊन अंगणात बसल्या आणि घासायला लागल्या. रंगाऱ्यांनी जन्मभर जे टाळलं, ते त्यांनी एका सकाळी केलं.

"अहो, इकडे या जरा. हे खाली पिवळं काय निघतंय?"

मालक आले. आता वय झालंय, तेव्हा मीही अहोजाहो करते. वाकून बघितलं आणि बोटानं रंगाचा चुरा पुसला. पुलाची खूण, त्यांचा क्रमांक, पुराचा महिना, वर्ष, सगळं जागच्या जागी.

"डेपोत हे खरवडून गेलं असं धरून चाललो होतो मी," ते म्हणाले.

लेक ओरडली, "आई, हात थांबव! अर्धं तसंच राहू दे!"

लेकीच्या अर्जावर लष्करी कचेरीत सुनावणी लागली. सुनावणीला मी स्वतः गेले. दारावरच्या पहारेकऱ्यानं झाकण उघडून पाहिलं.

"यात तर काहीच नाही."

"नाहीच आहे," लेक म्हणाली.

"मग आणलीत कशाला?"

"तिलाच आणलंय."

आत टेबलामागे अध्यक्षबाई आणि दोन अधिकारी. एकानं नाक मुरडलं. "पिवळा रंग काय, मागाहूनही लावता येतो."

मालकीणबाई ताडकन उठल्या. "साहेब, वरचा करडा थर तुमच्या डेपोचा. त्यावरची तारीख तुमच्या पुस्तकात आहे. पिवळा त्याच्या खाली आहे. खालचा रंग आधीच लागणार ना? आणि पळून गेलेल्या माणसाची ट्रंक पूलवाले आपल्या भांडारात घेतील का?"

अध्यक्षबाई उठून माझ्याजवळ आल्या. जिथं पिवळा करड्याखाली शिरतो, त्या कडेवर त्यांनी नख फिरवलं. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हू की चू केलं नाही. त्या मालकांकडे वळल्या. "नोंद चुकीची होती. दुरुस्त होईल. फार उशीर झाला, माफ करा."

माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही.

दुरुस्त पुस्तक आल्यावर लेक ते घेऊन थोरल्या काकांकडे गेली. दुसऱ्याच दिवशी काठी टेकत थोरले आमच्या दारात. आत यावं की नाही, कळत नव्हतं त्यांना.

"दादा, ये ना," मालक म्हणाले.

"पुस्तकावर विश्वास ठेवला रे मी. तुझ्यावर ठेवायला हवा होता."

मालकांनी हात धरून त्यांना आत आणलं. थोरल्यांनी चादर सारून पिवळ्या रंगावरून बोटं फिरवली.

"इथंच बसायचास?"

"हो. मोजे पिळायला."

थोरले माझ्यावर बसले, मग एका बाजूला सरकले. "बस. परवा मेळावा आहे. बूट काढ."

दोन म्हाताऱ्यांचं वजन पडलं तशी मी करकरले. ती तक्रार नव्हती. आता माझ्यात बूट ठेवायचे नसतात, ते दाराशीच असतात. मी अगदी रिकामी आहे आणि फार हलकं वाटतंय. एकच विनंती आहे. माझ्यासारखी एखादी तुमच्या माळ्यावर असेल आणि तिची कडी वाजली, तर लगेच पिंजरा लावू नका.