तासाभराचं चार्जिंग

ऐका मित्रांनो, मी एक जुना जनरेटर बोलतोय. आटपाडीकडच्या एका मेंढवाड्याच्या कोपऱ्यात पडून आहे. एके काळी माझा आवाज साऱ्या वस्तीला ऐकू जायचा. आता अंगावर कोंबड्या बसतात, तेवढीच काय ती वर्दळ.

माझी उमेदीची वर्षं तासगावला बेदाण्याच्या शेडवर गेली. वीज गेली की माझी दोरी ओढायची, मी घुरघुरायचो, पंखे फिरायचे. "लय इमानी मशीन हाय गड्या," लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मीही फुगून जायचो.

पुढं शेडवर मोठं मशीन आलं आणि मला आटपाडीकडच्या जोतीराम मेंढपाळानं नेलं. त्यानं विजेवरची नवी पिकअप घेतली होती. विकणारा म्हणाला होता, शंभर किलोमीटर जाईल. पण ओझं आणि चढ लागला की ऐंशीलाच तिचा दम संपायचा. म्हणून मी मागं हौद्यात. वाटेत थांबायचं, जोतीराम आणि त्याची बायको रंगुबाई, दोघांनी मला उचलून खाली लांब ठेवायचं, गाडीला वायर जोडायची. तासभर राबलो की पंधरा-वीस किलोमीटरची सोय व्हायची. पहिल्या दिवशी रंगुबाईनं माझ्या टाकीला बिरोबाचा भंडारा लावला. असा मान मला तासगावात कधी मिळाला नव्हता.

रंगुबाईचा एक मेंढा होता, पैलवान. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची आई मेली. रंगुबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजलं, चुलीजवळ निजवलं. दोन्ही लेकी नांदायला गेल्यावर तिच्या मागं मागं फिरायला तोच उरला होता.

साताऱ्याला जनावरांचं प्रदर्शन होतं. दोघं पैलवानला घेऊन निघाली. रहिमतपूरच्या अलीकडं गाडी दमली आणि नेमकी तेव्हाच अवकाळी झिमझिम सुरू झाली. वाराही बोचरा.

"आवं, मशीन खाली घ्या की," रंगुबाई म्हणाली.

"भिजलं तर बंद पडंल. ऱ्हाऊ दे वरच. पैलवानबी गारठंल, झाकून टाकू. तासाभराचा तर परश्न हाय."

जोतीरामनं हौद्यावर ताडपत्री ओढली आणि चारी बाजूंनी आवळली. मेंढपाळाचा हात तो. जनावराला वारा लागू द्यायचा नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. रंगुबाईनं आपलं घोंगडं पैलवानच्या पाठीवर टाकलं. मग माझी दोरी ओढून दोघं पुढं केबिनमध्ये जाऊन बसली.

मित्रांनो, मी धूर सोडतो. उघड्यावर तो उडून जातो. ताडपत्रीखाली कुठं जाणार? पैलवाननं आधी डोकं झटकलं. मग फळीला धडक दिली, एकदा, दोनदा. मला बंद पडायचं होतं हो! पण मेलं माझं ते इमान! त्या दिवशी एकदासुद्धा अडखळलो नाही.

धडका थांबल्या. "बघ, निजला गुमान," जोतीराम म्हणाला. रंगुबाईला बरं वाटलं.

तासाभरानं त्यांनी ताडपत्री सोडली. रंगुबाईनं पैलवानचं डोकं मांडीवर घेतलं. "ऊठ रं माज्या राजा, सातारा आला बग," असं ती किती तरी वेळ म्हणत राहिली. जोतीरामच्या हातात ताडपत्रीची दोरी तशीच होती. "मीच आवळली गं. माज्याच हातानं."

मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्यासारख्याला कधीही झाकून, कोंडून चालवू नका. जवळ माणूस असो, मुकं जनावर असो. पाऊस असेल तर थांबा. उशीर झाला तर होऊ द्या. माझा धूर ओरडून सांगत नाही, तो गुपचूप कायमचं झोपवतो.

गाडी माघारी वळली. घर लांब होतं आणि मेलेलं जनावर घेऊन कुणाच्या दारात वीज मागायला जोतीरामची जीभ रेटेना. म्हणजे पुन्हा मीच. पाऊस उघडल्यावर दोघांनी मला खाली घेतलं, गाडीपासून चांगलं लांब, उघड्या माळावर ठेवलं. रंगुबाईनं ओल्या पदरानं माझ्या टाकीवरचा भंडारा पुसून काढला. शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. मग तिनंच माझी दोरी ओढली.

मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो.