काठावरचं कुंकू

"वहिनी, चल! मागून आली बघ ती!" शैला काठावरून घसा फोडून ओरडत होती.

पाण्यातल्या विनीताला काही ऐकू येत नव्हतं. तिचं लक्ष काठावरच्या केशरी झेंड्यावर. मागे दहा-बारा हातांवर जोआन, रुंद खांद्यांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. लेक मिशिगनच्या या शर्यतीत साठीपुढच्या बायकांत गेली तीन वर्षं जोआन पहिली आणि विनीता दुसरी. आज उलटं होणार होतं.

लहानपणी कराडला पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेली ही मुलगी. पुढे इंजिनिअरिंग, लग्न, शिकागोजवळचं शॉमबर्ग, मुलं, नोकरी. पोहणं आपलं पहाटे, ऑफिसच्या आधी, चोरून घेतलेल्या खाऊसारखं. रिटायर झाल्यावर मात्र बाई सुटल्या. नवरा सत्यजित म्हणायचा, "हिचा माशाचा जन्म थोडक्यात हुकला."

पाय वाळूला टेकले. गुडघाभर पाणी उरलं. कोरड्या वाळूवर उभं राहीपर्यंत पोहणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम. विनीता धडपडली, सावरली, हसली. आणि शैला ओवाळणीचं तबक घेऊन साडीसकट पाण्यात धावली. नणंदेचा आनंद तो, त्याला कोण आवरणार! तिनं वहिनीच्या ओल्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

पंचानं शिटी फुंकली. विनीता बाद.

"अगं बाई! कुंकू लावणं म्हणजे टच करणं थोडंच असतं?" शैला रडवेली झाली. "दादा, तू सांग ना त्याला!"

"काय एक्सप्लेन करू?" सत्यजित म्हणाला. "बोट नव्हतं, आशीर्वाद होता म्हणून?"

विनीताला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण समोर शैला पदर तरंगत उभी, निरांजन विझलेलं, अक्षता माशांच्या वाट्याला गेलेल्या. तिला एकदम हसू फुटलं, इतकं की पोटात कळ आली.

तोवर जोआन वाळूवर पोचली होती. आपण कशा जिंकलो ते कळल्यावर ती ओशाळून उभी राहिली.

"शैला, निरांजन लाव," विनीता म्हणाली. "ती पहिली आलीय. ओवाळ तिला."

"तिला?"

"मग? तबक तसंच घरी नेणार?"

सत्यजितनं कुणाकडून तरी लायटर मागून आणला. शैलानं नाक ओढत जोआनला कुंकू लावलं, ओवाळायला घेतलं. जोआन काही न कळताच डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली. तळ्यावरून वारा सुटला होता. वात विझू नये म्हणून विनीतानं दोन्ही हातांचा आडोसा धरला होता.