धाकट्याचं शेत

व्हर्लिन एगिमान अमेरिकेतल्या इंडियानाहून एमेन्टालच्या स्विस खोऱ्यात आमच्या दारात आला, तो काखेत बापाच्या राखेचा डबा घेऊनच. चर्चमध्ये विचारत विचारत त्याने घर शोधलं होतं. त्याचा पणजोबा उलरिख म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ.

"बाबांची शेवटची इच्छा होती," तो म्हणाला, "मूळच्या शेतात मिसळायचं."

बोली आमचीच, पण शंभर वर्षांपूर्वीची. मला हसू आलं आणि माणूस आवडलाही. पण शेत अजून माझ्या बापाच्या नावावर होतं. बाप, गॉटलीब, वय अठ्ठ्याऐंशी, शेगडीजवळच्या बाकावर काठी धरून बसला होता.

मी कॉफीत प्लमची दारू ओतून दिली. दोन घोट पोटात गेले आणि व्हर्लिनने माती खाल्ली.

"काका, उलरिख थोरला. शेत खरं त्याचंच. पण दिलदार माणूस, धाकट्याला देऊन अमेरिकेला आला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो."

थोरल्याचं म्हणे शेत! आमच्या खोऱ्यात शेत धाकट्याला जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. थोरल्याने भावाचा गडी व्हायचं, नाहीतर वाट धरायची.

"दिलदार," बाप म्हणाला. "त्याला दोन बोटं नव्हती ना रे?"

"लांडग्याने तोडली. जंगल साफ करताना."

"तो लांडगा माझा बाप, हान्स. अकरा वर्षांचा होता."

मग बापाने सगळं सांगितलं. दोघेच भाऊ, हान्स मेला की शेत उलरिखचं. त्याने पोराला केसांना धरून गोठ्यामागे फरफटत नेलं आणि शेण-मुताच्या खड्ड्यात तोंड दाबून धरलं. गडी धावून आला तेव्हा हान्सच्या दातांत भावाची दोन बोटं होती. घरच्यांनी बोभाटा केला नाही, उलरिखला बोटीत बसवून दिलं. हान्सची छाती जन्मभर घरघरत राहिली. ती कफाने भरून आली की तो माझ्या बापाला तुडवायचा. बापाने तो हिशेब माझ्यावर पट्ट्याने चुकता केला. वळ अजून आहेत.

व्हर्लिनचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं, काका. पण यात माझ्या बाबांचा काय दोष?"

काठी त्याच्या भुवईवर बसली. दुसरा फटका कानावर. रक्त कॉफीच्या कपात ठिबकलं. मी जागची हलले नाही. काठी उठली की न हलायची मला सवय आहे.

"जा, त्या खड्ड्यात टाक तुझा बाप!"

व्हर्लिन डबा उचलून बाहेर गेला. खड्ड्यावरची फळी सरकवून त्याने राख आत ओतली, उभ्याउभ्या प्रार्थना म्हटली आणि खिडकीशी आला.

"टाकली, काका. खड्ड्यातलं खत शेवटी शेतातच जातं ना?"

बापाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "रोझी, यंदा खड्डा उपसायचा नाही."

खड्डा काठोकाठ भरला होता. मी व्हर्लिनचं डोकं बांधलं, बूट चढवले आणि खड्ड्यातलं शेणपाणी टाकीत भरून ट्रॅक्टर बाहेर काढला. घरासमोरचं कुरण, आमचं सगळ्यात चांगलं, खिडकीतून पूर्ण दिसतं. तिथूनच शिंपायला सुरुवात केली.

बाप काठीने काच बडवत होता. काच फुटली. त्याची मूठ बाहेर आली, रक्ताने भरलेली, मला शिव्या देत. आयुष्यात पहिल्यांदा तो हात माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. मी मागे फिरले आणि पुन्हा टाकी भरली.